फोनसुद्धा पाढा म्हणतो

आमचे गाव बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगरात आहे. दिवाळी झाली की माझे आईबाबा ऊसतोडीला जातात. मी आजीपाशी राहतो. बाबा दर रविवारी बटणाच्या फोनवरून बोलतात. एका रविवारी ते म्हणाले, "आईला बरं..." आणि आवाज तुटला. बरं हाय का बरं नाय, ते कळालेच नाही. आजी रात्रभर जागी होती. दुसऱ्या दिवशी फोन लागला. आई बरी होती.

आवाज असा का तुटतो, ते मी गुरुजींना विचारले. त्यांनी सांगितले ते लिहितो.

फोन आपल्या बोलण्याचे शून्य आणि एक असे अंक करतो व ते रेडिओलहरींवरून पाठवतो. काही लहरी सरळ येतात. काही डोंगरावर आपटून मागाहून येतात. आमच्यासारख्या टूजी फोनमध्ये एक अंक यायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात लहर सुमारे १ किलोमीटर जाते. म्हणून १ किलोमीटर जादा फिरून आलेला अंक पुढच्या अंकात मिसळतो. शिवाय इतर गोंगाट असतोच.

मग खरा अंक कसा कळतो? गुरुजींनी एक गंमत केली. एका मुलाला रिकाम्या रांजणात तोंड घालून एक शब्द बोलायला लावला. आम्हाला "बाट" ऐकू आले. कोणी वाट लिहिले, कोणी भात. मग गुरुजी म्हणाले, "आता बेचा पाढा म्हण." पाढा तर सगळ्यांना पाठ! "बे पंचे दहा" होते, पण ऐकू आले "बे बंचे दहा". म्हणजे हा रांजण प चा ब करतो. तो शब्द "पाट" होता! नंतर रांजणाऐवजी घागर घेतली. आवाज निराळाच झाला. पुन्हा पाढा म्हणावा लागला.

फोनही असेच करतो. तो १४८ अंकांची एकेक पुडी पाठवतो. तिच्यातले मधले २६ अंक आधीच ठरलेले असतात. तोच त्याचा पाढा. पाढा कसा बिघडला ते पाहून घेणारा फोन आपली गाळणी जुळवतो आणि बाकीचे अंक ओळखतो. बोलणारा चालू लागला की लहरींच्या वाटा बदलतात. म्हणून सेकंदाला सुमारे २०० वेळा पाढा येतो. चहाची गाळणी आहे तशीच राहते, ही मात्र सारखी बदलते. चूक बघून अशी गाळणी थोडी थोडी सुधारण्याची एक रीत विड्रो आणि हॉफ यांनी अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात १९६० साली मांडली.

पण लहर फारच क्षीण झाली तर पाढाच ऐकू येत नाही. मग गाळणी तरी काय करणार? म्हणून मी बाबांना सांगितले, "कोपीत बसून बोलू नका. उघड्यावर या, आणि आईचं दोनदा सांगा."

मागच्या रविवारी बाबा म्हणाले, "आई बरी हाय. आई बरी हाय." दोन्ही वेळा नीट ऐकू आले. आजी हसली.