मराठी विकिपीडियावरील स्वनिर्मित बटणे व मेनू-क्रिया : रचना आणि उत्तरदायित्व

प्रस्तावना : संकेतस्थळावर प्रत्येक वापरकर्त्याच्या गरजेचे बटण आधीच उपलब्ध असेल, असे नाही. त्यामुळे मीडियाविकी या मुक्त संगणकप्रणालीत स्वतःचे बटण किंवा मेनूतील क्रिया जोडण्याची सोय ठेवलेली आहे. १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया याच प्रणालीवर चालतो. विद्यार्थ्यांकडून तेथे लेखन करवून घेणाऱ्या अध्यापकांनी या सोयीचे स्वरूप जाणून घेणे अगत्याचे आहे.

रचना : समजा, अंबरनाथ तालुक्यातील पालेगावाविषयीच्या लेखात निराधार विधानांपुढे 'संदर्भ हवा' हा साचा लावावयाचा आहे. हे काम दोन प्रकारे सुलभ करता येते. संपादन-पट्टीवर जोडलेले बटण साच्याचा मजकूर केवळ लेखनचौकटीत घालते. तो तपासून जतन करणे वापरकर्त्याच्या हाती राहते. मेनूतील क्रिया याहून पुढे जाऊ शकते. तिच्यासाठी मेनूतील स्थान, दर्शनी नाव आणि क्लिक केल्यावर चालावयाची जावास्क्रिप्ट आज्ञावली निश्चित करावी लागते. ही आज्ञावली सदस्याच्या 'कॉमन' या जावास्क्रिप्ट उपपानावर ठेवली जाते. ती सर्व्हरकडे विनंती पाठवून बदल थेट जतनही करू शकते.

अधिकार : बटणामुळे वापरकर्त्याचे अधिकार वाढत नाहीत. प्रत्येक विनंतीची परवानगी सर्व्हर स्वतंत्रपणे तपासतो. सुरक्षित केलेले पान बटण जोडल्याने खुले होत नाही. तथापि आज्ञावली सदस्याच्या सर्व अधिकारांनिशी चालते आणि तिने केलेला बदल पानाच्या इतिहासात त्याच सदस्याच्या नावे नोंदला जातो. अपरिचित आज्ञावली न वाचता उतरवून घेणे म्हणजे कोऱ्या कागदावर स्वाक्षरी करून देण्यासारखे होय. संपूर्ण संकेतस्थळावर चालणाऱ्या आज्ञावलींचा धोका याहून व्यापक असल्याने त्यांच्या संपादनाचा अधिकार २०१८ मध्ये 'इंटरफेस प्रशासक' या स्वतंत्र गटापुरता मर्यादित करण्यात आला.

निष्कर्ष : बटण श्रम वाचविते, विवेकाची जागा घेत नाही. एका क्लिकसरशी योग्य बदल जितक्या वेगाने होतो, तितक्याच वेगाने चूकही पसरते. म्हणून विद्यार्थ्यांना प्रथम मजकूर घालणारे बटण द्यावे, त्याचा सराव धूळपाटीवर करवून घ्यावा आणि थेट जतन करणारी क्रिया तिची आज्ञावली समजल्यानंतरच वापरू द्यावी.