विश्लेषण : प्रवासाला झूम लेन्स न्यावी की प्राइम? दिवे घाट, राजगड आणि कसबा पेठेत उत्तर बदलते, ते का?

माउलींची पालखी पुण्यातून सासवडकडे निघाली की दिवे घाटाच्या कड्यावर कॅमेरे लागतात. त्याच सुमारास पावसाळी ट्रेक सुरू होतात आणि पुढे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये कास पठार फुलते. पुणेकरांनी कॅमेरा घेऊन बाहेर पडण्याचे हे तीन-चार महिने. कपाटातून बॅग काढताना पडणारा प्रश्नही ठरलेला : लेन्स कोणती न्यायची? सगळे टिपणारी एक झूम, की अंधारातही चालणाऱ्या दोन-तीन हलक्या प्राइम? नवी घ्यायची असेल तर प्रश्न पैशांचाही असतो. गेल्या वर्षी याचे चुकीचे उत्तर देऊन मी एक फोटो गमावला. त्याबद्दल पुढे सांगतेच.

झूम आणि प्राइममध्ये नेमका फरक काय?

लेन्सवरचा मिलिमीटरचा आकडा म्हणजे फोकल लेंग्थ. आकडा लहान, तर दृश्य रुंद. आकडा मोठा, तर दूरचे जवळ. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर २४ मिमी लेन्स कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सुमारे ८४ अंशांचे दृश्य पकडते, ५० मिमी ४७ अंशांचे आणि २०० मिमी अवघ्या १२ अंशांचे. प्राइम लेन्समध्ये हा आकडा एकच असतो. झूममध्ये रिंग फिरवून तो बदलता येतो.

मग एकाच आकड्याची लेन्स कोणी का घ्यावी? प्रकाशासाठी. एकच काम करायचे असल्याने प्राइमची रचना सोपी असते आणि लहान आकारातही तिचे ॲपर्चर मोठे ठेवता येते. कॅननची ५० मिमी एफ/१.८ सुमारे १६० ग्रॅमची आहे. त्याच कंपनीची डीएसएलआरसाठीची २४-७० मिमी एफ/२.८ ही व्यावसायिक झूम ८०५ ग्रॅमची, म्हणजे पाच पट जड, तरीही प्रकाश घेण्यात मागे.

तुम्ही हे ज्या फोनवर वाचत आहात, त्यातही बहुधा दोन-तीन प्राइमच आहेत. ०.५, १, ३ अशी बटणे दाबली की फोन एका लेन्सवरून दुसरीवर उडी मारतो. मधले आकडे मुख्यतः फोटो कापून तयार होतात. फिरणारी काचेची खरी झूम फोनमध्ये दुर्मीळ. सोनीने २०२२ मध्ये एक्स्पीरिया १ मार्क ४ मध्ये ८५ ते १२५ मिमीची तशी लेन्स दिली होती.

‘झूमचे फोटो सॉफ्ट येतात’ हे खरे आहे का?

एके काळी होते. ३५ मिमी फिल्मच्या स्थिर कॅमेऱ्यासाठीची पहिली झूम, फोक्टलँडरची ३६-८२ मिमी झूमार, १९५९ ची. तेव्हापासून काच, कोटिंग आणि संगणकावरची रचना इतकी पुढे गेली, की २०१३ मध्ये सिग्माने १८-३५ मिमीच्या पूर्ण पल्ल्यात एफ/१.८ देणारी झूम आणली. आजच्या मध्यम दर्जाच्या झूमने काढलेला फोटो मोबाइलच्या पडद्यावर किंवा घरातल्या फ्रेममध्ये प्राइमच्या फोटोपासून ओळखून दाखवणे अवघड आहे. तेव्हा तीक्ष्णतेवरून लेन्स निवडू नका. फरक पडतो तो दोनच गोष्टींनी : तुम्हाला हवे तिथे उभे राहता येते का, आणि उजेड किती आहे.

‘झूम पायांनी करा’ हा सल्ला कुठे अडतो?

गेल्या वर्षी आत्या पहिल्यांदा वारीला निघाली. पुणे ते सासवड हा टप्पा सुमारे ३० किलोमीटरचा आणि त्यात दिवे घाटाची चढण. मी सकाळीच वडकीच्या बाजूने वर जाऊन एका वळणावर जागा धरली. खाली मस्तानी तलाव, रस्त्यावर वळणावळणाने चढणाऱ्या दिंड्या. कॅमेऱ्याला ५० मिमी एफ/१.८ लावलेली, कारण इंटरनेटवर सगळे तेच सांगत होते : प्राइम घ्या, झूम पायांनी करा. आत्याची दिंडी खालच्या वळणावर आली. ठरल्याप्रमाणे तिने हातातली पिवळी पिशवी हलवली. मी क्लिक केले.

आता हिशेब बघा. ती माझ्यापासून साधारण १०० मीटरवर होती. ५० मिमी लेन्सने १०० मीटरवरची दीड मीटर उंचीची व्यक्ती सेन्सरवर पाऊण मिलिमीटरची उमटते. माझ्या २४ मेगापिक्सेलच्या क्रॉप सेन्सर कॅमेऱ्यात आडव्या फोटोची उंची ४००० पिक्सेल. त्यात आत्या साधारण २०० पिक्सेलची आणि तिचा चेहरा जेमतेम ३० पिक्सेलचा. पिशवी ओळखू येते, आत्या नाही. २५० मिमीवर हीच आत्या १००० पिक्सेलची झाली असती.

पायांनी झूम करायला पुढे फक्त उतार होता. ५५-२५० मिमी बॅगेतच होती. पण रिमझिम सुरू झालेली आणि मागून गर्दी रेटत होती, त्यामुळे ती लावायचे धाडस झाले नाही. लेन्स काढली की सेन्सर उघडा पडतो. त्यावर बसलेली धूळ नंतर, विशेषतः एफ/११ च्या पुढे काढलेल्या फोटोंत, आभाळावर काळ्या ठिपक्यांच्या रूपात दिसत राहते. पाण्याचा थेंब आत गेला तर गोष्ट ठिपक्यांवर थांबत नाही.

गडांवर हीच अडचण आणखी टोकदार होते. राजगडाला गुंजवण्याहून चोरदरवाजाने चढताना शेवटच्या टप्प्यात रेलिंग धरावे लागते, तिथे दोन्ही हात मोकळे हवेत. सुवेळा माचीच्या नेढ्यापाशी तर चार पावले मागे जाण्याचा विचारही करू नका. गेल्या वर्षी, जुलै २०२५ मध्ये, राजगड, शिवनेरी, लोहगडासह मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. अशा ठिकाणी गर्दीत लेन्सची अदलाबदल करत बसणे म्हणजे आपल्यालाही ताप आणि मागच्यांनाही.

पायांनी चालणे आणि रिंग फिरवणे यांचे काम एकसारखे नाही, हे मात्र बहुतेक सल्ल्यांत राहून जाते. संजीवनी माचीवर मित्र उभा आहे आणि मागे तोरणा दिसतो आहे, असे समजा. २४ मिमी लावून दोन मीटरवरून फोटो काढलात तर मित्र मोठा आणि तोरणा मागे एक लहानसा उंचवटा. आता मित्रापासून सुमारे १७ मीटरवर मागे येऊन २०० मिमीने काढा. मित्र तेवढाच दिसेल, पण तोरणा आठ पट मोठा होऊन त्याच्या पाठीशी उभा राहील. जवळच्या आणि दूरच्या वस्तूंचे प्रमाण तुम्ही कुठे उभे आहात यावर ठरते. त्या जागेवरून चौकट किती घ्यायची ते लेन्स ठरवते. म्हणजे आधी जागा निवडायची, मग रिंग फिरवायची. प्राइमवाल्याला मात्र त्याच्या लेन्सला जमेल तीच जागा निवडावी लागते.

मग प्राइम कधी लागते?

त्याच रात्री सासवडला. एका राहुटीत दोन पिवळ्या बल्बांखाली भजन चालले होते. आत्या टाळ घेऊन दुसऱ्या रांगेत. झूम लावली असती तर एफ/५.६ वर शटर १/१५ सेकंदावर गेले असते आणि टाळ वाजवणारे हात नुसते धुरकट दिसले असते. एफ/१.८ त्याच्या साडेनऊ पट प्रकाश आत घेते. शटर १/१२५ च्या वर गेले आणि हात स्पष्ट आले. आत्याचे या वारीतले मला आवडलेले दोन्ही फोटो या राहुटीतले आहेत. किंमतही मोजावी लागते : दोन मीटरवर एफ/१.८ ला जेमतेम १०-११ सेंटीमीटर खोलीतलेच स्पष्ट दिसते. आत्या स्पष्ट, तर शेजारी थोडी पुढे सरकून बसलेली बाई धूसर. ॲपर्चर एफ/२.८ केले असते तर दोघीही आल्या असत्या.

अंधार म्हटला की प्राइम, असे मात्र नाही. कार्ल्याच्या चैत्यगृहात उजेड कमीच असतो, पण खांब हलत नाहीत. स्टॅबिलायझेशन असलेली साधी किट झूमही तिथे श्वास रोखून १/१० सेकंदावर चालते. स्टॅबिलायझेशन तुमचा हात सावरते, समोरच्याची हालचाल थांबवत नाही. तेव्हा प्राइम खरी लागते ती कमी उजेडात, हलत्या माणसांसाठी.

आणखी एक जागा आहे. कसबा पेठेतली तांबट आळी, मंडई, तुळशीबागेची बोळे. इथे घाई नसते, दोन पावले मागे-पुढे होता येते आणि हातभर लांब लेन्स बघून समोरचा माणूस आखडतो. छोटी लेन्स, आधी दोन शब्द, मग परवानगी विचारून फोटो, हे इथे जास्त जमते. फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी आयुष्यातले बहुतेक काम लायका कॅमेरा आणि ५० मिमी लेन्सवर केले, ते अशाच पायी भटकंतीत.

पण ‘पहिली प्राइम ५० चीच घ्या’ हे ऐकून लगेच ऑर्डर करू नका. तो सल्ला फिल्म आणि फुल फ्रेमच्या काळातला. क्रॉप सेन्सरवर ५० मिमी ही ७५ ते ८० मिमीसारखी वागते आणि आळीच्या रुंदीत अर्धा माणूस बाहेर राहतो. तिथे ३५ मिमी जास्त कामाची.

खरेदीआधी काय तपासावे?

आपलेच जुने फोटो. संगणकावर फोटोच्या प्रॉपर्टीजमध्ये आणि फोनवर गॅलरीच्या डिटेल्समध्ये फोकल लेंग्थ आणि शटर स्पीड नोंदलेले असते. मागच्या दोन सहलींतले आवडलेले ५० फोटो घ्या आणि आकडे वहीत उतरवा. बहुतेक फोटो एकाच आकड्याभोवती असतील तर त्या आकड्याची प्राइम तुम्हाला पुरेल. विखुरलेले असतील तर झूमच. हललेल्या, टाकून दिलेल्या फोटोंतले बरेचसे संध्याकाळचे असतील तर पैसे एफ/१.८ वर घाला. माझ्या फोटोंत आकडे १८ पासून २५० पर्यंत पसरलेले निघाले. हे आधी केले असते तर घाटात ५० लावून उभी राहिले नसते.

कॅमेरा कंपनीची स्वतःची २४-७० एफ/२.८ झूम लाखाच्या पुढे जाते. हौशी प्रवाशाला तिची गरज नसते, असे माझे मत. १८-१३५ सारखी एक मध्यम झूम आणि जोडीला एक स्वस्त एफ/१.८ प्राइम, एवढ्यात वारी, गड आणि कास तिन्ही होते. तीन प्राइमचा संच पावसाळ्यात तरी घरीच ठेवावा. शंका असेल तर शनिवार-रविवारपुरती लेन्स भाड्याने घ्या. पुण्यात ती सोय सहज मिळते. परत आल्यावर लेन्स ओल्या बॅगेत ठेवू नका. कोरडी करून हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा, नाहीतर दिवाळीपर्यंत काचेवर बुरशीची जाळी धरते आणि ती साफ करायचा खर्च कधी कधी नव्या प्राइमएवढा निघतो.

आत्याने यंदाही दिंडीत नाव दिले आहे. घाटात मी ५५-२५० घरूनच लावून जाणार आहे, वर पावसाचे कव्हर. ५० मिमी सासवडला पोहोचेपर्यंत बॅगेतून काढणार नाही. आणि आत्याला सांगितले आहे, पिशवी पिवळीच आण.