बुलेट उचलायची, पण कमरेने नाही

पावसाळ्यात घाटातल्या शेवाळलेल्या वळणावर बुलेट आडवी झाली, की स्वार आधी आजूबाजूला बघतो. कुणी पाहिलं तर नाही ना? मग घाईघाईने वाकून हँडल धरतो आणि एका हिसक्यात ओढतो. गाडी जागची हलत नाही, कंबर मात्र धरते. क्लासिक ३५०चं वजन १९५ किलो आहे, त्यात नवल नाही.

पण हे १९५ किलो कुणालाच उचलायचे नसतात. टायर जमिनीवरच राहतात आणि गाडी त्यांच्या कडेवर फिरते. बिजागरीजवळ ढकललेलं दार जड लागतं, कडीजवळ हलकं, इथेही तसंच. गुरुत्वमध्य टायरच्या टेकूपासून ५० सेंटीमीटरवर आणि सीटची कड ८० सेंटीमीटरवर धरू. गाडी अगदी सपाट पडली असेल तर सीटपाशी सुमारे १२२ किलोचा जोर लागतो. लेग गार्डने ती मुळातच ३० अंश वर धरली असेल तर १०६. गाडी ६० अंशांपर्यंत आली की ६१ आणि सरळ उभी झाली की शून्य. सगळी झुंज सुरुवातीलाच. लेग गार्ड इंजिनासाठी लावतात, पण उचलताना पहिली मदत त्याचीच. बीएमडब्ल्यूच्या बॉक्सर इंजिनांचे दोन्ही बाजूंना आलेले सिलिंडरही आयतंच हे काम करतात.

आता कमरेचं गणित. पाठीचे स्नायू मणक्यांमधल्या चकतीच्या जेमतेम ५ सेंटीमीटर मागे असतात. वाकून अर्धा मीटर पुढे ५० किलो उचलले, तर ते तोलायला स्नायूंना ५०० किलोचा ताण द्यावा लागतो आणि निदान तेवढा दाब चकतीवर येतो. अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेच्या सूत्रात तर सगळी परिस्थिती अनुकूल असतानाही हाताने उचलायच्या ओझ्याची मर्यादा २३ किलो आहे.

म्हणून गाडीकडे चक्क पाठ करायची. त्याआधी किल स्विच बंद, चावी बंद. पेट्रोल गळत असेल तर विडी-सिगारेट लांब. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरते. गाडी उजवीकडे पडली असेल तर नशीबच म्हणायचं. साइड स्टँड वरच्या अंगाला आलेला असतो, तो आधीच उघडून ठेवता येतो, गिअरही टाकता येतो (जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला, तिथे हा लाभ नाही). डावीकडे पडली असेल तर वर आलेला पुढचा ब्रेक दोरीने किंवा रबराने आवळून बांधावा. चाकं घरंगळली तर टेकूच सरकतो.

हँडल पूर्ण वळवायचं, पुढच्या चाकाचं तोंड जमिनीकडे येईल असं. खालची मूठ टाकीजवळ येते. सीटच्या कडेला पार्श्वभाग टेकवून उकिडवं बसायचं, एका हाताने ती मूठ, दुसऱ्याने सीटमागचा दांडा किंवा चौकट पकडायची. तापलेला सायलेन्सर सांभाळून. हात सरळ, दोरीसारखे. ते ओढत नाहीत, फक्त धरून ठेवतात. पाठ ताठ, छाती वर. आता मांड्या आणि नितंबांनी रेटा देत छोटी छोटी पावलं मागे टाकायची. ओझं पाठीला चिकटलेलं असल्याने चकतीवरची तरफ जवळजवळ नाहीशी होते, आणि काम शरीरातल्या सर्वांत दांडग्या स्नायूंवर जातं. हिसका अजिबात नको. बूट घसरत असतील तर ताकद असूनही काही होणार नाही. आधी पायाखालची वाळू, पाला बाजूला करावा.

शेवटच्या टप्प्यात मात्र जोर आवरायचा. गाडी उभी होताच वजन जाणवेनासं होतं आणि उत्साहात ती पलीकडे आडवी करणारे कमी नाहीत. स्टँड उघडा असला की निभावतं.

उतारावर हँडल खालच्या बाजूला आणि चाकं वर अशी पडली असेल, तर उचलायच्या फंदात पडू नये. लेग गार्डवर घसटत फिरवून चाकं उताराकडे आणावीत. लडाखला जाणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं: खार्दुंग लाच्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याच्या आसपास असतो. दोनदा रेटा देऊनही जमलं नाही, तर बसून दम घ्यावा आणि मागच्या बॅगा, पेट्रोलचा कॅन सोडून ठेवावेत. गाडी उभी राहिल्यावरही लगेच बटण दाबू नये; तेल खाली उतरायला काही मिनिटं द्यावीत, तोवर क्लच-ब्रेकच्या दांड्या वाकल्यात का ते बघून होतं.