विरळ हवेतलं इंजिन

समुद्रसपाटीपासून साडेपाच किलोमीटर वर गेलं की हवेचा दाब जवळजवळ निम्म्यावर येतो. पेट्रोलच्या इंजिनाला हा मोठा फटका असतो. सिलिंडर तेवढाच, दट्ट्याची धाव तेवढीच, पण आत येणाऱ्या हवेत ऑक्सिजन मात्र कमी. कार्ब्युरेटर इंधन सोडतच राहतो, ते जाळायला पुरेसा प्राणवायू नसतो आणि ताकद भराभर घसरते. लेहला उतरल्या उतरल्या जिना चढताना आपला जसा दम निघतो, तसाच इंजिनाचाही निघतो. पहिल्या महायुद्धात तर जो वैमानिक शत्रूच्या वर जाईल त्याचं पारडं जड होतं. बीएमडब्ल्यू ही कंपनी आज मोटारींसाठी ओळखली जात असली, तरी तिचा पाया या विरळ हवेच्या प्रश्नावर घातला गेला.

कार्ल राप यांनी १९१३ मध्ये म्युनिकला विमानांच्या इंजिनांचा कारखाना काढला. त्यांची इंजिनं फार थरथरत आणि लष्कराचा त्यांच्यावर विश्वास बसेना. कारखाना तगला तो ऑस्ट्रो-डाइमलरची इंजिनं परवान्यावर बनवण्याच्या कामामुळे. त्या कामावर देखरेख करायला आलेले ऑस्ट्रियन इंजिनिअर फ्रान्त्स योसेफ पोप पुढे कंपनीचे सूत्रधार झाले. १९१७ च्या सुरुवातीला डाइमलर कंपनी सोडून माक्स फ्रित्स इथे आले. त्याच वर्षी राप बाहेर पडले आणि जुलैमध्ये कारखान्याला बायरिशे मोटोरेन वेर्के, म्हणजे बीएमडब्ल्यू, हे नाव मिळालं. कंपनी मात्र आपला जन्म ७ मार्च १९१६ चा मानते. त्या दिवशी म्युनिकमध्येच विमानांची एक वेगळी कंपनी स्थापन झाली होती. चार-स्ट्रोक इंजिनाचे जनक निकोलाउस ओटो यांचे चिरंजीव गुस्ताव्ह ओटो यांच्या कारखान्यातून ती उभी राहिली, आणि १९२२ मध्ये बीएमडब्ल्यूचं नाव व इंजिनांचा व्यवसाय तिच्याकडे आला.

फ्रित्स यांनी काय केलं ते नीट समजून घेण्यासारखं आहे. सिलिंडरमधलं मिश्रण जितकं जास्त दाबावं तितकी ताकद जास्त. पण जमिनीलगतच्या दाट हवेत फार दाबलं, तर मिश्रण वेळेआधीच पेटतं, इंजिन ठोके देऊ लागतं आणि फुटूही शकतं. फ्रित्स यांनी मुद्दामच जमिनीवर न झेपणारं, जास्त दाबाचं मोठं इंजिन आखलं आणि त्याला उंचीसाठी खास कार्ब्युरेटर जोडला. खाली असताना वैमानिकाने थ्रॉटल पूर्ण उघडायचा नाही. वर गेल्यावर, हवा विरळ झाली की, हळूहळू उघडत न्यायचा. जमिनीवर राखून ठेवलेली ताकद त्यामुळे आकाशात हाती यायची. १९.१ लिटरचं हे सहा सिलिंडरचं इंजिन, बीएमडब्ल्यू ३ए, १९१८ मध्ये फोकर डी-७ या लढाऊ विमानात बसलं आणि वर चढण्यात ते विमान भलतंच सरस ठरलं. पुढच्या वर्षी, १७ जून १९१९ रोजी, बीएमडब्ल्यूच्याच त्यानंतरच्या इंजिनावर फ्रान्त्स त्सेनो डीमर यांनी ९,७६० मीटर उंची गाठली.

तोवर जर्मनी हरला होता. व्हर्सायच्या तहाने विमानांच्या इंजिनांवर बंदी आणली. कंपनीने रेल्वेचे ब्रेक बनवले. १९२३ मध्ये फ्रित्स यांनीच आखलेली आर-३२ ही मोटारसायकल आली. मोटारगाडी यायला १९२८ साल उजाडलं, तीही आयझेनाखचा कारखाना विकत घेऊन आणि ब्रिटिश ऑस्टिन सेव्हनच्या परवान्यावर.

हिटलर सत्तेवर आल्यावर पुन्हा विमानांची इंजिनं हाच मुख्य धंदा झाला. म्युनिकच्या वेशीवर आलाखला नवा कारखाना उभा राहिला. दुसऱ्या महायुद्धातलं बीएमडब्ल्यू ८०१ हे माझ्या मते त्या काळातलं सर्वांत विचारपूर्वक बांधलेलं इंजिन. चौदा सिलिंडर दोन ओळींत गोलाकार मांडलेले, ४१.८ लिटर, दीड हजारांहून अधिक अश्वशक्ती. विरळ हवेवर आता सुपरचार्जरचा इलाज होता. तो हवा दाबून आत कोंबायचा. पण वैमानिकाला एकाच वेळी मिश्रण, पंख्याच्या पात्यांचा कोन, ठिणगीची वेळ, सुपरचार्जरचा गिअर असं सगळं सांभाळावं लागे, आणि तेही शत्रू मागे असताना. ८०१ वर ‘कोमांडोगेरेट’ नावाचं यंत्र होतं. तेलाचा दाब आणि हवेच्या दाबानुसार फुगणाऱ्या-आकसणाऱ्या डब्या यांच्या जोरावर ते या सगळ्याचा मेळ आपोआप घालायचं. वैमानिकाच्या हाती एकच दांडा. विजेचा संगणक नसलेल्या काळातला हा खराखुरा गणकच होता. २३ जून १९४२ रोजी या इंजिनाचं एक फोके-वुल्फ १९० विमान दिशा चुकून वेल्समधल्या पेंब्रीच्या ब्रिटिश तळावर उतरलं, तेव्हा ब्रिटिश तंत्रज्ञांना ते पुरतं उघडून पाहता आलं.

त्यांना जे उघडून पाहता आलं नाही, ते आलाखच्या भिंतींआड होतं. कुशल कामगार आघाडीवर गेले तशी त्यांची जागा युद्धकैद्यांनी आणि व्यापलेल्या देशांतून आणलेल्या माणसांनी भरली गेली. १९४३ मध्ये कारखान्याजवळ डाखाऊ यातनातळाची उपछावणी उभारली गेली आणि हजारो कैदी तिथे डांबले गेले. आयझेनाखच्या बाजूला बुखनवाल्डचे कैदी राबवले गेले. १९४४ अखेरीस कंपनीच्या मनुष्यबळात सुमारे निम्मे लोक सक्तीने आणलेले होते. उपासमार, मारहाण, रोगराई यांत माणसं मरत होती आणि त्याच हातांकडून केसाएवढीही चूक न चालणारे सुटे भाग घडवून घेतले जात होते. ८०१ च्या तांत्रिक वर्णनांत लिटर आणि अश्वशक्ती नेहमी असतात, हे लोक क्वचितच असतात. मला हे मान्य नाही. इंजिन कसं बनलं हे सांगायचं, तर ते कोणी बनवलं हा त्याच माहितीचा भाग आहे.

शेवटच्या काळातलं बीएमडब्ल्यू ००३ हे जेट इंजिनही याच परिस्थितीतलं. निकेल, क्रोमियमसारखे उष्णता सोसणारे धातू संपत आले होते. म्हणून टर्बाइनची पाती पोकळ करून त्यांतून थंड हवा खेळवण्याची युक्ती योजली गेली. पात्याला आतून हवेने गार ठेवण्याचं हेच तत्त्व, कितीतरी सुधारलेल्या रूपात, आजच्या प्रवासी जेटमध्येही आहे. युद्धानंतर सोव्हिएत संघाने ००३ ची नक्कल करून ती मिग-९ मध्ये वापरली, तर या इंजिनाच्या कामाचे प्रमुख हेर्मान ओएस्ट्रिख फ्रान्सला गेले. मिराज विमानांना उडवणारी आतार इंजिनं त्यांच्याच गटाची.

आलाखला आज एमटीयू ही वेगळी कंपनी आहे. एअरबस ए-३२०निओच्या प्रॅट अँड व्हिटनी इंजिनात तिचा मोठा वाटा असतो. इंडिगोच्या अनेक विमानांवर हीच इंजिनं आहेत, त्यामुळे मुंबई-पुण्याहून उडणारे कितीतरी प्रवासी त्यांच्या जोरावर प्रवास करतात.

सक्तीच्या मजुरांना मात्र फार उशीर सोसावा लागला. २००० मध्ये जर्मन सरकार आणि उद्योगांनी मिळून दहा अब्ज मार्कांचा निधी उभारला. बीएमडब्ल्यू त्यात होती. २००१ ते २००७ या काळात सोळा लाखांहून अधिक लोकांना त्यातून पैसे मिळाले. तोवर पंचावन्न वर्षांहून अधिक काळ लोटला होता आणि ज्यांना ते मिळायला हवे होते त्यांतले असंख्य जण हयात नव्हते. मार्च २०१६ मध्ये, शंभरीच्या निमित्ताने, कंपनीने या काळाबद्दल जाहीरपणे तीव्र खेद व्यक्त केला.