टाके काढले, पुढे काय?

आजी न्हाणीघरात घसरतात, खुब्याचं हाड मोडतं, ऑपरेशन होतं. आठवडाभरात त्या घरी येतात आणि घरची मंडळी सुटकेचा नि:श्वास टाकतात. मी फिजिओथेरपिस्ट आहे. माझं खरं काम तिथून पुढे सुरू होतं. पण तोवर बऱ्याच घरांत ‘आता त्यांना निवांत पडू द्या’ असं ठरून गेलेलं असतं.

यामागे माया असते. पण म्हातारपणी अंथरूण फार लवकर वसुली करतं. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात साठी ओलांडलेल्या निरोगी माणसांना १० दिवस अंथरुणात ठेवलं, तर त्यांच्या पायांतले स्नायू जवळजवळ १ किलोने घटले. मग ऑपरेशनने थकलेल्या आजींचं काय होत असेल?

ही जाण तशी जुनीच. १९३५ मध्ये लंडनच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयात डॉ. मार्जरी वॉरन यांच्याकडे शेजारच्या गरिबांसाठीच्या इस्पितळातले शेकडो रुग्ण सोपवले गेले. कित्येक जण वर्षानुवर्षं खाटेला खिळलेले. ‘आता यांचं काही व्हायचं नाही’ असंच सगळे धरून चालले होते. वॉरनबाईंनी एकेकाला नीट तपासलं, बसवलं, उभं केलं, चालवलं. पुष्कळ जण घरी गेले.

आपल्याकडे २०१० साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयांमध्ये वृद्धांसाठी १० खाटांचा वॉर्ड आणि फिजिओथेरपी धरलेली आहे. तिथे जरूर चौकशी करा. आयुष्मान योजनेत २०२४ पासून सत्तरीपुढच्या सगळ्यांना घेतलं, हे चांगलंच झालं; मात्र घरी सोडल्यानंतरचा खर्च ती १५ दिवसच पाहते. खुब्याच्या रुग्णाला पुन्हा हिंडूफिरू लागायला काही महिने लागतात. ते महिने घरच्यांच्याच अंगावर येतात.

म्हणून आजी येण्याआधी घराकडे पाहा. बसकी खाट नको, उंच खुर्ची हवी. उकिडवं बसायचा संडास असेल तर कमोडची खुर्ची आणा. भिंतीला धरायला दांडा, रात्री वाटेवर दिवा. पायात अडकणारी सतरंजी उचलाच. जेवणात डाळ, दूध, चालत असेल तर अंडं. आणि मुळात त्या पडल्या कशाने? मोतीबिंदू, उठताना येणारी चक्कर, ठिसूळ हाडं, याचा उलगडा झाला नाही तर त्या पुन्हा पडतील.

भीती मात्र औषधाने जात नाही. ‘सूनबाई, मला धर’ म्हणणाऱ्या आजींना उचलून नेऊ नका. वॉकर पुढे करा, शेजारी उभ्या राहा, वेळ लागू द्या.

डिस्चार्जच्या कागदावर गोळ्यांची लांबलचक यादी असते आणि खाली नुसतं ‘फिजिओथेरपी’. तो कागद घेऊन तसेच निघू नका. कोणता व्यायाम, दिवसातून किती वेळा, पायावर किती भार द्यायचा, जिना कधी चढायचा, हे तिथेच विचारून लिहून घ्या.