सशाचा डोळा आणि विश्वासाची हुंडी

रसायनांचा व्यापार करणाऱ्या प्रत्येक पेढीच्या फायलीत सोळा विभागांचे एक पत्रक असते. माल रंगाचा असो, सुगंधी द्रव्याचा असो वा साबणात पडणाऱ्या एखाद्या घटकाचा असो, 'सेफ्टी डेटा शीट' त्याच्यासोबत जातेच. मुंबईच्या वडगादीपासून रोहा, महाड, तारापूरच्या औद्योगिक वसाहतींपर्यंत अशी पत्रके रोज हातोहात फिरतात. त्यातील साठवणूक, आग आणि वाहतूक यांचे विभाग काळजीपूर्वक वाचले जातात; अकरावा विभाग बहुधा तसाच राहतो. तेथे एक लहानशी ओळ असते : तोंडावाटे, उंदीर, एलडी-५०, आणि पुढे एक आकडा.

शरीराच्या दर किलो वजनामागे इतके मिलिग्रॅम रसायन पोटात गेले की प्रयोगातील निम्मे उंदीर मरतात, एवढाच त्या आकड्याचा अर्थ. ब्रिटिश शास्त्रज्ञ जे. डब्ल्यू. ट्रेव्हन यांनी १९२७ मध्ये ही कल्पना मांडली ती तीव्र औषधांची मात्रा नेमकी ठरविण्यासाठी. पुढे सरकारी नियमांनी ती उचलली आणि जगातील जवळजवळ प्रत्येक रसायनाला हे माप लागू झाले.

श्रावकाच्या आचारविचारात हिंसा केवळ स्वतःच्या हाताने घडत नाही. कृत, कारित आणि अनुमोदित, म्हणजे केलेली, करविलेली आणि संमती दिलेली, असे तिचे तीन प्रकार मानले आहेत. गृहस्थाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत विषवाणिज्याची गणना आहे. पेढीवर बसलेल्या व्यापाऱ्याने सिरिंज कधीच हाती धरलेली नसते. पण ज्या प्रमाणपत्रावाचून माल बंदरातून सुटत नाही, ते त्याच्याच मागणीवरून तयार झालेले असते. 'कारित' या शब्दाचा आजच्या व्यापारात याहून सरळ अर्थ क्वचितच सापडेल.

सशाच्या डोळ्याची कथा याच काळातली. १९३३ च्या सुमारास अमेरिकेत पापण्या रंगविण्याच्या एका प्रसाधनामुळे स्त्रियांच्या डोळ्यांना भयंकर इजा झाल्या, काहींची दृष्टी गेली. त्या संतापातून १९३८ चा अन्न, औषध व प्रसाधन कायदा आला, आणि १९४४ मध्ये सरकारी शास्त्रज्ञ जॉन ड्रेझ व त्यांच्या सहकाऱ्यांनी डोळ्याच्या जळजळीची चाचणी प्रसिद्ध केली. पांढऱ्या सशाच्या एका डोळ्याच्या खालच्या पापणीत द्रव्याचा अंश सोडावयाचा, दुसरा डोळा तुलनेसाठी तसाच ठेवावयाचा, आणि लाली, सूज, पटलावरील धूसरपणा यांना गुण द्यावयाचे. निरीक्षण काही वेळा २१ दिवसांपर्यंत चाले. हेतू माणसाचे डोळे वाचविण्याचाच होता, हे विसरता येत नाही. परंतु सशाचा डोळा माणसासारखा नाही. त्याला तिसरी पापणी असते आणि अश्रूही कमी येतात. शिवाय गुण देणाऱ्याच्या नजरेवर निकाल अवलंबून असल्याने दोन प्रयोगशाळांचे आकडे जुळतीलच अशी खात्री नव्हती.

हेन्री स्पायरा या कार्यकर्त्याने १९८० मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये पानभर जाहिरात देऊन एका प्रसिद्ध प्रसाधन कंपनीला जाहीरपणे विचारले की सौंदर्यासाठी किती ससे आंधळे करणार. त्या कंपनीने पर्याय शोधण्यासाठी साडेसात लाख डॉलर रॉकफेलर विद्यापीठाला दिले.

पण लोकमताच्या रेट्याने एक गाठ सुटत नव्हती, आणि ती गाठ व्यापाऱ्याच्या ओळखीची आहे. एकाच रसायनाची तीच चाचणी जर्मनीसाठी एकदा, जपानसाठी पुन्हा, अमेरिकेसाठी आणखी एकदा होत असे. नव्या ज्ञानाची त्यात भर नव्हती. एका देशाच्या कागदावर दुसऱ्या देशाचा विश्वास नव्हता, इतकेच. हा अविश्वास अगदीच निराधार नव्हता. १९७० च्या दशकात अमेरिकेतील एका मोठ्या खासगी प्रयोगशाळेचे अहवाल बनावट असल्याचे उघडकीस आले आणि त्यांच्या भरवशावर बाजारात आलेल्या अनेक उत्पादनांबाबत प्रश्न उभे राहिले. तेव्हापासून नोंदी, उपकरणे, नमुने आणि कर्मचारी यांच्याविषयी कडक शिस्त आली. तिलाच 'गुड लॅबोरेटरी प्रॅक्टिस', थोडक्यात जीएलपी, म्हणतात.

परगावची हुंडी सराफ सकारतो तेव्हा लिहिणाऱ्याला त्याने पाहिलेले असतेच असे नाही. त्या पेढीची पत आणि लिहिण्याची ठरलेली रीत त्याला ठाऊक असते. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने, म्हणजे ओईसीडीने, १९८१ मध्ये हेच तत्त्व रसायनांना लावले. चाचणी ठरलेल्या मार्गदर्शक पद्धतीने आणि जीएलपीच्या शिस्तीत एका सदस्य देशात झाली असेल, तर इतर सदस्यांनी ती माहिती स्वीकारलीच पाहिजे. त्या माहितीवरून कोणता निर्णय घ्यावा याचे स्वातंत्र्य प्रत्येक देशाकडे राहिले. चाचणी पुन्हा करविण्याची मुभा मात्र उरली नाही. या व्यवस्थेने सरकारे व उद्योग यांचे दरवर्षी ३० कोटी युरोंहून अधिक वाचतात, असा संघटनेचा २०१९ चा अंदाज आहे. प्राण्यांवरील उपकार हिशेबवहीच्या वाटेने आला याचे कोणाला वाईट वाटले तरी वाचलेल्या सशाला त्याने फरक पडत नाही.

भारत ओईसीडीचा सदस्य नसतानाही ३ मार्च २०११ पासून या व्यवस्थेत पूर्णपणे सहभागी आहे. विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या अखत्यारीतील राष्ट्रीय प्राधिकरण प्रयोगशाळांची तपासणी करून त्यांना जीएलपी प्रमाणपत्र देते. अशा भारतीय प्रयोगशाळेचा अहवाल बर्लिन वा टोकियोत नाकारला जाऊ नये, असा त्याचा अर्थ.

एका गोष्टीची जाणीव मात्र ठेवावी लागते. ठरलेली पद्धतच प्राण्यांवरची असेल, तर जगभर मान्य झालेला अहवालही प्राण्यांवरचाच असतो. म्हणून पद्धती बदलणे हे दुसरे काम. रसेल आणि बर्च या इंग्रज शास्त्रज्ञांनी १९५९ मध्येच तीन मार्ग सांगितले होते : प्राण्याला पर्याय शोधणे, संख्या घटविणे, वेदना कमी करणे. मृत्यूचे जुने माप या वाटेने प्रथम हलले. संख्या पुष्कळ कमी करणाऱ्या तीन पद्धती तयार झाल्यावर एलडी-५० ची मूळ मार्गदर्शक पद्धत, क्रमांक ४०१, ओईसीडीने २००२ च्या अखेरीस रद्द केली. तीन नव्या पद्धतींपैकी एकीत तर प्राण्याच्या मरणाची वाट न पाहता विषबाधेच्या स्पष्ट लक्षणांवरच थांबतात.

डोळ्याच्या बाबतीत वेळ लागला. नवी पद्धत विश्वासार्ह आहे हे सिद्ध करण्यासाठी तीच द्रव्ये अनेक प्रयोगशाळांत, नाव झाकून तपासावी लागतात, आणि १९९० च्या दशकातील असे मोठे प्रयत्न फसले. शिवाय युरोपने मान्य केलेला पर्याय अमेरिकेला पुन्हा तपासावासा वाटे. म्हणजे जुना अविश्वास पर्यायांच्याही वाट्याला आला! अखेर २७ एप्रिल २००९ रोजी अमेरिका, कॅनडा, जपान आणि युरोपीय संघ यांच्या संस्थांनी पर्यायी पद्धतींच्या तपासणीत सहकार्याचा करार केला. २०११ मध्ये दक्षिण कोरिया त्यात आला. त्याच २००९ मध्ये डोळ्याच्या दोन पर्यायी पद्धती ओईसीडीने स्वीकारल्या.

या दोन पद्धतींत कसायखान्यातून आणलेले गाईगुरांचे पारदर्शक नेत्रपटल आणि कोंबडीचे डोळे वापरतात. चाचणीसाठी वेगळा जीव मारला जात नाही, असे शास्त्रज्ञ म्हणतात आणि ते खरे आहे. पण जैन घरातील वाचकाचे समाधान एवढ्यावर होणे कठीण. २०१५ मध्ये मान्य झालेली पद्धत क्रमांक ४९२ त्या दृष्टीने पुढचे पाऊल आहे. तिच्यात मानवी पेशींपासून पात्रात वाढविलेला, नेत्रपटलासारखा पातळ थर घेऊन त्यावर द्रव्य ठेवतात आणि किती पेशी जिवंत राहिल्या ते मोजतात. सशावरची पद्धत अजून रद्द झालेली नाही. मात्र आधी इतर मार्ग संपवावेत आणि वेदनाशामक द्यावे, असे तिच्यातच आता लिहिले आहे.

प्रसाधनांच्या क्षेत्रात कायदा अधिक वेगाने धावला. युरोपीय संघाने ११ मार्च २०१३ पासून प्राण्यांवर तपासलेल्या प्रसाधनांची विक्री बंद केली. भारताने २०१४ मध्ये प्रथम अशा चाचण्यांवर आणि त्याच वर्षी अशा मालाच्या आयातीवर बंदी घातली. चीनने २०२१ पासून आयात केलेल्या सर्वसाधारण प्रसाधनांना अटींसह सूट दिली. तरीही लिपस्टिकच्या वेष्टणावरचे सशाचे चित्र सगळे सांगत नाही. त्याच घटकाची हाताळणी कारखान्यातील कामगार करतात, म्हणून युरोपच्या 'रीच' या रसायन कायद्याखाली त्याची प्राण्यांवरील चाचणी मागितली जाऊ शकते. युरोपीय न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये ही भूमिका उचलून धरली. प्रजननावरील परिणाम तपासण्यासाठी तर अजून पेशींचा थर पुरत नाही. दोन पिढ्यांच्या जुन्या अभ्यासाला सुमारे २,६०० उंदीर लागत. २०११ मध्ये आलेल्या नव्या पद्धतीलाही सुमारे १,४०० लागतात.

युरोपला माल धाडणाऱ्या पेढीच्या टेबलावर हा सगळा विषय सल्लागाराच्या एका दरपत्रकाच्या रूपाने येतो. 'रीच'च्या नियमानुसार पाठीचा कणा असलेल्या प्राण्यावरील अभ्यास आधीच झाला असेल, तर तो पुन्हा करता येत नाही; मूळ मालकाला खर्चाचा न्याय्य वाटा देऊन वापराचा हक्क घ्यावा लागतो. नोंदणीला बारा वर्षे झालेल्या अभ्यासाचे सारांश तर इतर नोंदणीदारांनाही वापरता येतात. जेथे असा कायदा नाही, तेथे नवी चाचणी कित्येकदा हक्क विकत घेण्यापेक्षा स्वस्त पडते. तेथे कोणत्या कागदावर सही करावयाची, हे पेढीचा मालकच ठरवितो.