समुद्रकिनारी बसून चार हजार मीटर चढाई

सायकलवाल्यांच्या गप्पांमध्ये एक वाद हमखास निघतो. सावंतवाडीहून आंबोलीचा घाट चढणं जास्त दमवतं, की रत्नागिरीहून आरे-वारे, गणपतीपुळे, मालगुंड करत किनाऱ्याने जयगडला जाणं? नवखा माणूस अर्थातच घाट म्हणतो. किनारा म्हणजे सपाट, असं त्याच्या डोक्यात असतं. मग कुणीतरी मोबाइल काढतं आणि ‘एलेव्हेशन गेन’चा, म्हणजे एकूण चढाईचा आकडा दाखवून वाद मिटवायला बघतं. मला आज या आकड्याबद्दलच लिहायचंय. तो ज्या रीतीने चुकतो, त्याच रीतीने तुमच्या भावी थीसिसमधलेही बरेच आकडे चुकू शकतात.

आधी रस्ता समजून घेऊ. सह्याद्रीचा कडा किनाऱ्याला साधारण समांतर आहे. त्यावरून उतरणाऱ्या नद्या आखूड, पण पाणी जोरात. वाशिष्ठी काय, शास्त्री काय, सगळ्या पश्चिमेला धावतात आणि किनाऱ्यालगतचे जांभ्याचे सडे कापून खाड्यांमधून समुद्राला मिळतात. आता तुमचा रस्ता दक्षिणोत्तर. म्हणजे तो प्रत्येक खाडीला आडवा जाणार: सड्यावरून खाली, पूल किंवा फेरीबोट, परत सड्यावर. रेवस-रेड्डी सागरी मार्ग असाच आहे. घाटाचं उलट असतं, तो एकदा चढायला लागला की जवळजवळ चढतच राहतो.

याचा सायकलवर होणारा परिणाम कागदावर काढता येतो. सायकल, बॅग, माणूस मिळून ८० किलो धरा आणि पेडलवर १५० वॅट. सपाट डांबरी रस्त्यावर यातली बहुतेक शक्ती हवा खाते आणि वेग ताशी २९ किलोमीटरच्या आसपास येतो. ८ टक्के चढावर तेच १५० वॅट जेमतेम ताशी ८ किलोमीटर देतात, कारण आता जवळजवळ सगळं वजन उचलण्यात जातं. आणि ८ टक्के उतारावर पेडल न मारता, ब्रेक न लावता, ताशी ५७-५८. पण कोकणात त्या उताराच्या तळाशी काय असतं? वळण, पूल, एखादी वाडी आणि मधोमध बसलेली म्हैस. तुम्ही ब्रेक लावता. चढताना साठवलेली ऊर्जा रिम गरम करण्यात जाते आणि समोरचा चढ पुन्हा शून्यातून सुरू होतो.

माउंटन बाइक घेऊन सड्यावरच्या कच्च्या वाटेला लागलात तर अजून एक गंमत. चाकाच्या घर्षणाचा गुणांक थेट चढाच्या टक्क्यांसारखा वागतो. चांगल्या डांबरावर तो ०.००५ धरतात. खडबडीत जांभ्यावर समजा ०.०२ झाला, तर दिसायला सपाट वाट तुमच्या पायांना २ टक्के चढच आहे. हा चढ कुठल्याही नकाशात सापडत नाही.

शिवाय शरीर सरासरीवर चालत नाही. घाटात तासभर सलग १५० वॅट, आणि किनाऱ्यावर दोन मिनिटं ३००, दोन मिनिटं शून्य. सरासरी दोन्हीकडे १५०च. पण दमणं शक्तीच्या सरळ प्रमाणात वाढत नाही, त्याहून बरंच वेगाने वाढतं. म्हणून प्रशिक्षणात अँड्र्यू कॉगन यांचं ‘नॉर्मलाइज्ड पॉवर’ वापरतात. त्यात आकड्यांचा चौथा घात घेऊन मग सरासरी काढतात. त्या हिशेबाने किनाऱ्याचा आकडा २५०च्या जवळ जातो. चौथाच घात का, यावर भांडता येईल, पण साधी सरासरी इथे खोटं बोलते हे नक्की.

आता मोबाइलमधल्या आकड्याकडे. एकूण चढाई काढायची कृती अगदी सोपी वाटते: लागोपाठच्या दोन नोंदींमधला फरक घ्या, वाढ असेल तर बेरजेत टाका, घट असेल तर सोडून द्या. घोळ या ‘सोडून द्या’मध्ये आहे. समजा तुम्ही आरे-वारेच्या वाळूवर एक तास नुसते बसलात. जीपीएस दर सेकंदाला उंची नोंदवतंय आणि प्रत्येक नोंदीत २ मीटर प्रमाण विचलनाची, एकमेकींशी संबंध नसलेली चूक आहे. खऱ्या उंचीत फरक शून्य. पण चुकीचे वरचे झोके मोजले जातात आणि खालचे फेकले जातात. दर पावलाला सरासरी १.१३ मीटर, गुणिले ३६०० नोंदी. म्हणजे चार हजार मीटरहून जास्त चढाई! कळसूबाई १६४६ मीटर आहे, तेव्हा बघा. तीच नोंद मिनिटाला एकदा घेतली तर ६८ मीटर.

हे नीट पचवा, कारण आपल्याला शिकवलेलं असतं की डेटा जितका जास्त तितकी चूक कमी. ते सरासरीसाठी बरोबर आहे. इथे आपण सरासरी घेत नाही, फक्त धन फरकांची बेरीज घेतोय. अशा बेरजेत गोंगाट कटत नाही, साचतो. प्रत्यक्षात जीपीएसच्या लागोपाठच्या चुका एकमेकींशी बांधलेल्या असतात, म्हणून आकडा इतका भयंकर येत नाही, पण कल कायम वरचाच राहतो.

मग हवेच्या दाबावर उंची मोजणारं यंत्र घ्यावं? ते बरंच बरं असतं. समुद्रसपाटीजवळ दर मीटरला दाब साधारण १२ पास्कलने कमी होतो आणि यंत्राला ते कळतं. पण दाब नुसता उंचीने बदलत नाही. उष्ण कटिबंधात तो रोज सकाळी दहाच्या सुमारास चढतो आणि दुपारी चारच्या सुमारास उतरतो, अगदी भरती-ओहोटीसारखा. हा फरक समजा ३ हेक्टोपास्कल, म्हणजे यंत्राच्या भाषेत २५ मीटर चढ. तुम्ही मात्र खानावळीत सोलकढी पीत बसलेले.

काही अ‍ॅप यंत्रावर विश्वास न ठेवता भूउंचीच्या नकाशातून आकडा काढतात. असा एक जगभर वापरला जाणारा नकाशा म्हणजे एसआरटीएम. फेब्रुवारी २०००मध्ये एंडेव्हर यानावरच्या रडारने ११ दिवसांत जमवलेल्या मोजणीतून तो तयार झाला. त्याची बारीक आवृत्ती साधारण ३० मीटरच्या चौकटींची आहे. घाटातला रस्ता डोंगराच्या कुशीत खोदलेला असतो. ४० अंशांच्या उतारावर तुमचा ठिपका १५ मीटर बाजूला सरकला, तर उंची साडेबारा मीटरने चुकते. अशाने सलग चढणाऱ्या रस्त्यावर नसलेले उंचवटे उगवतात. हे झाकायला अ‍ॅप आकडे गुळगुळीत करतं, आणि त्यात किनाऱ्यावरचे खरे छोटे चढ पुसले जातात. म्हणजे घाटाचा आकडा फुगण्याचा धोका आणि किनाऱ्याचा आटण्याचा. चूक दोन्हीकडे सारखी असती तर तुलना तरी टिकली असती.

हे प्रकरण ओळखीचं वाटतंय का? भारताच्या किनाऱ्याची लांबी आपण ७,५१६ किलोमीटर पाठ केली होती. अलीकडच्या नव्या मोजणीत ती ११,०९८ झाली. मुख्य फरक नकाशाच्या प्रमाणाचा: आधी १:४५,००,०००, आता १:२,५०,०००. मँडेलब्रोट यांनी १९६७च्या लेखात ब्रिटनच्या किनाऱ्याबद्दल हेच विचारलं होतं. तिथे आडवी रेघ होती, इथे उभी आहे, एवढाच फरक.

म्हणून एकच ‘खरा’ आकडा शोधू नका. एक उंबरठा ठरवा: अमुक मीटरपेक्षा लहान चढ मोजायचाच नाही. मग उंबरठा १, २, ५, १०, २० मीटर असा बदलत प्रत्येक वेळी एकूण चढाई काढा आणि आलेख मांडा. समजा किनाऱ्यावर ७५ मीटरचे आठ मोठे चढ आहेत आणि वर ४ मीटरचे साठ. उंबरठा २ असेल तर ८४०, ५ असेल तर ६००. ६०० मीटरच्या सलग घाटात मात्र गोंगाट गेला की आलेख आडवा होतो आणि ६००वरच राहतो. अ‍ॅपने दोघांनाही ६०० दिले असतील, पण आलेखांचे आकार वेगळे आहेत. ऑक्टोबरच्या उन्हात पाणी किती घ्यायचं आणि शेवटची फेरीबोट मिळेल का, हे ठरवताना मी तो आकार बघते.

करून बघायला पायथनच्या वीसेक ओळी पुरतात. स्वतःचीच जीपीएक्स फाइल घ्या. मार्गात जयगड-तवसाळ किंवा दाभोळ-धोपावे फेरी असेल तर तेवढा तुकडा आधी कापा, नाहीतर बोटीचे हेलकावेही तुमच्या चढाईत जमा होतील.